पहिल्याच शनिवारी डाव रंगावा असं वाटत असेल, तर कुठली सिस्टम?

कर्वेनगरहून एका ताईंनी विचारलं आहे. घरात खेळणारी पाच माणसं: त्या, त्यांचे यजमान, दीर, जाऊ आणि अकरा वर्षांचा पुतण्या. शनिवारी रात्री जेवणं आटोपली की दोन-अडीच तास हातात असतात. दिरांनी इंटरनेटवर लोकांना रोलप्लेइंग गेम (एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन खेळतात) खेळताना पाहिलं आणि हौसेनं डन्जन्स अँड ड्रॅगन्सची तिन्ही पुस्तकं मागवली. दोन शनिवार पात्रं तयार करण्यात गेले. तिसऱ्या शनिवारी एक मारामारी निम्म्यावर आली आणि पुतण्या सोफ्यावरच झोपून गेला. आता त्यांना सोपी, मजेची आणि फँटसीतली सिस्टम, म्हणजे अशा खेळाचा नियमसंच, हवी आहे. खेळ चालवणार आहेत त्या स्वतः.

ताई, उत्तर आधी सांगते, कारणं मागून. तुमच्या घरासाठी 'केर्न' घ्या. विशेष फासे (चार, आठ, बारा, वीस बाजूंचे) मिळेपर्यंत थांबायचं नसेल आणि घरात फक्त ल्युडोचे फासे असतील, तर 'टायनी डन्जन'. आणि दिरांचा जीव डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या चवीतच अडकला असेल, तर 'शॅडोडार्क'. घेतलेली पुस्तकं टाकून देऊ नका, ती पुढे कामी येतील. फक्त सुरुवात त्यांनी करू नका.

मी गेली पंधरा वर्षं पुण्यात हे खेळ चालवते. खेळ चालवणाऱ्या जीएमला, म्हणजे गेम मास्टरला, आमच्याकडे सूत्रधारच म्हणतात. सदाशिव पेठेतल्या एका दिवाणखान्यात दर रविवारी डाव पडतो. आजवर सत्तर वर्षांच्या आजोबांपासून चौथीतल्या मुलीपर्यंत सगळे येऊन बसले आहेत. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे: सिस्टम सोपी की अवघड, हे पानांच्या संख्येवर ठरत नाही. भिडू म्हणतो, "मी दार ढकलतो." तिथपासून दाराचं काय झालं हे कळेपर्यंत किती वेळ जातो, त्यावर ते ठरतं. दहा सेकंदांत कळलं तर सिस्टम सोपी. दोन मिनिटं पुस्तक चाळावं लागलं तर अवघड, मग ते पुस्तक कितीही सुंदर असो.

हे मला कसं कळलं तेही सांगते. सुरुवातीच्या काळात मी एक जाडजूड सिस्टम चालवायला घेतली होती. नाव सांगत नाही, कारण दोष सिस्टमचा नव्हता, माझ्या निवडीचा होता. सहा भिडू आणि समोर आठ लुटारू. मारामारी सुरू झाली साडेचारला आणि संपली पावणेआठला. एका मैत्रिणीची बहीण त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती. तिची पाळी यायला पंचवीस मिनिटं लागायची, आणि पाळी आली की ती फासा टाकायची, "नाही लागलं" असं ऐकायची आणि पुन्हा पंचवीस मिनिटं बसून राहायची. निघताना ती अगदी गोड बोलली, पण परत कधी आली नाही. त्या रात्री मी हिशोब केला. सव्वातीन तासांत तिच्या वाट्याला खेळ आला होता जेमतेम दहा मिनिटं. तेव्हापासून नवी सिस्टम हातात आली की मी घड्याळ लावून बघते.

आता डन्जन्स अँड ड्रॅगन्सबद्दल, कारण दिरांवर अन्याय नको. हा खेळ 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. त्याआधी लोक लहान सैनिकांच्या बाहुल्या मांडून लढाया खेळायचे, त्यातूनच हा जन्मला. म्हणून अंतर, पाळी, हत्यार, चिलखत यांचा काटेकोर हिशोब त्याच्या रक्तातच आहे. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत खेळाडूंचं एकटं पुस्तक 320 पानांचं आहे, आणि सूत्रधाराचं व राक्षसांचं धरून तिन्ही मिळून हजाराच्या घरात जातात. त्यातला मोठा भाग मंत्र, राक्षस आणि वस्तूंच्या याद्यांचा आहे, तो पाठ करायचा नसतो. तरी खरी अडचण राहतेच: निर्णय खेळायच्या आधी घ्यावे लागतात. वंश कुठला, क्लास (म्हणजे पात्राचा पेशा) कुठला, कौशल्यं कुठली. मांत्रिक घेतला तर पहिल्याच लेव्हलला, म्हणजे पात्राच्या पहिल्याच पायरीवर, मंत्रांच्या यादीतून निवड करायची. अकरा वर्षांच्या मुलानं अजून एक गुहाही पाहिलेली नाही, आणि आपण त्याला विचारतो की तुला गुहेत कुठले मंत्र लागतील. तो झोपला यात नवल नाही.

ज्यांना हिशोबाची गोडी आहे, जे आठवडाभर पात्राची पुढची लेव्हल मनात घोळवतात, त्यांना यातच आनंद मिळतो. तुमचे दीर तसे असावेत असं वाटतं. पण बाकी चौघं तसे आहेत की नाहीत, हे खेळल्याशिवाय कळणार नाही, आणि ते कळण्यासाठी आधी खेळ सुरू व्हायला हवा.

केर्न हे योखाय गाल यांचं काम. पहिली आवृत्ती 2020 ची, पंचवीसेक पानांची पुस्तिका, मजकूर इंटरनेटवर फुकट. पात्राला तीनच गुण: ताकद, चपळाई आणि मनोबल. प्रत्येकासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, बेरीज लिहायची, हवं तर दोन गुणांची अदलाबदल करायची. मग एक फासा टाकून हिट प्रोटेक्शन. मराठीत मी त्याला 'बचाव' म्हणते, कारण ते रक्त नव्हे, वार चुकवण्याचं बळ आहे. सामान फाशांवर ठरतं: कोणाला तलवार, कोणाला दोर, कोणाला छोटी घंटा, कोणाला मिठाची पिशवी. क्लास नाही, लेव्हल नाही. सामानाची दहा घरं असतात. साधी वस्तू एक घर घेते, अवजड वस्तू दोन. दहाही घरं भरली की बचाव शून्यावर येतो, म्हणजे हावरटपणाची शिक्षा नियमातच आहे. पात्र दहा मिनिटांत तयार होतं. आणि मुख्य म्हणजे, मुलाला विचारायची वेळ येत नाही की तुला काय व्हायचंय. फासे सांगतात, "तुझ्याकडे दोर आहे, घंटा आहे आणि गंजकी तलवार आहे," आणि त्या तीन वस्तूंवरून तो कोण आहे हे मूल स्वतःच ठरवतं.

मारामारी जवळून दाखवते, म्हणजे कळेल. समजा पुतण्याच्या पात्राची ताकद 11, बचाव 4, हातात आठ बाजूंच्या फाशाची तलवार. समोर एक खविस: बचाव 6, चिलखत 1, पंजा आठ बाजूंच्या फाशाचा. इथे 'वार लागला का' असा फासाच नाही. वार लागतोच, किती लागला एवढंच बघायचं. मुलगा फासा टाकतो, 5 पडतात. चिलखताचा 1 वजा, उरले 4, खविसाचा बचाव 6 वरून 2 वर. आता खविसाची पाळी, दान पडलं 6. मुलाचा बचाव 4, तो संपला. उरलेले 2 ताकदीतून गेले, 11 च्या 9 झाल्या. आता वीस बाजूंचा फासा टाकायचा. 9 किंवा त्याहून कमी आलं तर उभा, जास्त आलं तर तो कोसळतो, आणि तासाभरात कोणी मदतीला आलं नाही तर संपला. 8 पडले. घरातल्या सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला. हे सगळं मिनिटभरात झालं, आणि त्या मिनिटात एकही पान उलटावं लागलं नाही.

यात एक गोष्ट लपलेली आहे ती नीट बघा. वार नेहमी लागतो, म्हणून मारामारी धोक्याची होते. दोन फेऱ्यांत माणूस आडवा होऊ शकतो. म्हणून भिडू मारामारी टाळायला शिकतात: चकवा देतात, सौदा करतात, छप्पर पाडतात, पळतात. मला या खेळात सर्वात जास्त आवडतं ते हेच. पाचव्या आवृत्तीत मारामारी हा उत्सव आहे, आणि भिडूही तिची वाट बघत असतात. केर्नमध्ये मारामारी म्हणजे बेत फसल्याची खूण.

त्या घंटेची गोष्ट सांगते. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे दहा वर्षांची एक मुलगी पहिल्यांदा खेळायला बसली होती. तिच्या सामानात घंटा आली म्हणून ती हिरमुसली, भावाला भाला मिळाला होता. डावात चौघं एका रानात शिरली आणि त्यांना चकवा लागला. आपल्याकडच्या रानातला चकवा, जो वाट फिरवतो आणि माणसाला पुन्हा त्याच झाडापाशी आणतो. मोठी माणसं मला विचारायला लागली, "मनोबलाचा फासा टाकू का?" मी म्हटलं, टाकता येईल, पण हुकला तर दिवस मावळेल. ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चकवा डोळ्यांना फसवतो ना? मग आपण डोळे मिटू. मी या झाडाला घंटा बांधते, तिला दोरी लावते, आणि सगळे दोरी धरून उलट्या दिशेला चालू. घंटेचा आवाज मागे मागे गेला पाहिजे. पुढून ऐकू आला तर आपण वळलोय." मी फासा मागितलाच नाही. वाट सुटली. तिचा भाऊ भाला खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिला होता.

लहानपणी अंगणात खेळताना सर्वात धाकट्याला आपण कच्चं लिंबू करायचो. तो खेळतोय असं वाटायचं, पण त्याच्यावर राज्य येत नसे आणि त्याच्या खेळण्यानं काही बदलत नसे. अवघड सिस्टममध्ये घरातलं मूल नेमकं तेच होतं. काका मागून सांगतो, "हा मंत्र टाक, हा फासा घे, यात तीन मिळव," आणि मूल हुकूम पाळतं. सिस्टम निवडताना मी हेच पाहते, की घरातला सर्वात लहान भिडू दुसऱ्याच्या मदतीशिवाय आपली चाल सांगू शकतो का. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. सगळ्यांची पात्रांची पानं दहा मिनिटं उलटी ठेवा आणि खेळ चालू ठेवा. खेळ चालला तर सिस्टम तुमच्या घराला मानवेल. अडला तर ती पानावर चालतेय, माणसांवर नाही.

आता या सोपेपणाची किंमत सांगते, कारण ती तुम्हालाच मोजायची आहे, ताई. नियम कमी केले म्हणून काम कमी होत नाही, ते पुस्तकाकडून सूत्रधाराकडे येतं. शेवाळलेल्या भिंतीवर चढता येईल का, हे मोठ्या सिस्टममध्ये पुस्तक सांगतं, केर्नमध्ये तुम्ही. याची भीती वाटू देऊ नका, पण एक पथ्य कडक पाळा: धोका आधी सांगायचा, फासा नंतर. "भिंत ओली आहे, वीस फूट उंच आहे, हात सुटला तर खाली दगड आहेत. चढणार?" असं विचारून मगच फासा. सांगितल्यावर माणूस मरण पावला तरी कोणी रुसत नाही. न सांगता मारलात तर मात्र भिडूंचा विश्वास उडतो आणि तो लवकर परत येत नाही. दुसरं म्हणजे, एकदा दिलेला निर्णय वहीत लिहून ठेवा. आज शेवाळाला चपळाईचा फासा मागितलात, तर पुढच्या महिन्यातही चपळाईचाच. चार महिन्यांत त्या वहीत तुमच्या घरचे नियम जमतात, आणि ते कुठल्याही छापील नियमांपेक्षा चांगले लक्षात राहतात.

आणि जिथे हुकलं तरी काही बिघडत नाही तिथे फासा मागू नका. नवे सूत्रधार दर वाक्याला फासा टाकायला लावतात. साधं दार उघडायला फासा, दुकानदाराशी बोलायला फासा. त्यानं खेळ लांबतो आणि फाशाची किंमत उतरते.

टायनी डन्जन अगदीच हलकी आहे. सहा बाजूंचे दोन फासे टाका, एकावर जरी 5 किंवा 6 आले तरी जमलं. परिस्थिती अनुकूल असेल तर तीन फासे, प्रतिकूल असेल तर एक. गणित मुलांनाही सांगता येतं: दोन फाशांवर छत्तीसातल्या वीस वेळा जमतं, म्हणजे साधारण 56 टक्के. तीन फाशांवर 70, एकावर 33. बेरीज नाही, वजाबाकी नाही. तुळशीबागेतून ल्युडोचे फासे आणले की सामान पूर्ण. मग मी ती पहिली का सांगितली नाही? कारण पाच-सहा डावांनंतर सगळी दानं सारखीच वाटायला लागतात. तलवारीनं मारा की खुर्चीनं, हाताला फरक जाणवत नाही. केर्नमध्ये चार बाजूंच्या फाशाचा सुरा आणि बारा बाजूंचा फासा मिळवून देणारी संधी यांतला फरक मूल हातातच तोलतं. प्रवासात, रेल्वेत, लग्नघरात मात्र टायनी डन्जनला तोड नाही.

दोन फाशांची बेरीज करणाऱ्या सिस्टम्सचं एक वेगळं कूळ आहे, त्यातली फँटसीतली प्रसिद्ध म्हणजे 2012 ची 'डन्जन वर्ल्ड'. 10 किंवा वर आलं तर पूर्ण जमलं, 7 ते 9 आलं तर जमलं पण काहीतरी किंमत मोजून, 6 किंवा खाली आलं तर सूत्रधार संकट आणतो. पात्राला अधिक 1 असेल तर छत्तीसातल्या सोळा वेळा मधलं दान पडतं, म्हणजे निम्म्याला जरा कमी वेळा 'जमलं, पण'. गोष्ट त्यामुळे सतत वळणं घेते आणि ऐकायला फार सुंदर वाटते. पण प्रत्येक वेळी ते 'पण' सुचायला हवं. रात्री दहाला, दिवसभराच्या धावपळीनंतर, चाळिसाव्यांदा नवीन अडचण शोधणं हे कष्टाचं काम आहे. नाटकात काम केलेल्या, हजरजबाबी माणसाला ते जमतं. पहिल्यांदाच सूत्रधार होणाऱ्याला मी ही सिस्टम देत नाही. वर्षभरानं जरूर खेळा.

शॅडोडार्क ही केल्सी डायॉन यांची 2023 ची सिस्टम. दिरांना ओळखीचं वाटेल असं सगळं त्यात आहे: वीस बाजूंचा फासा, योद्धा, पुरोहित, चोर, मांत्रिक, लेव्हल. पण पात्र पाच-दहा मिनिटांत होतं, आणि एका नियमानं सगळा खेळ जिवंत राहतो. मशाल खऱ्या घड्याळाचा एक तास जळते. मोबाइलवर तासाचा गजर लावा, समोर ठेवा आणि बघा. दहा मिनिटं उरली की कुजबुज सुरू होते, "चला, मागे फिरू या." कोणी रेंगाळत नाही, कोणी वाद घालत नाही. सुरुवातीचे नियम फुकट उतरवून घेता येतात. केर्ननं मन भरलं नाही आणि पात्र वाढताना बघायची हौस उरली, तर इथे या.

थोडक्यात आणखी काही. पुतण्याला प्राणी आवडत असतील तर 'माउसरिटर' बघा. सगळी पात्रं उंदीर, मांजर म्हणजे साक्षात ड्रॅगन, आणि सामानाची छोटी कार्डं पानावर मांडायची. नियम केर्नच्याच घरातले, तेही फुकट. 'मेझ रॅट्स' मी पूर्ण खेळत नाही, पण तिची जादू उसनी घेते. तिथे मंत्रांची यादी नसते, फाशांनी दोन शब्द निघतात आणि त्यांचा अर्थ भिडू व सूत्रधार मिळून लावतात. मी त्याचे मराठी तक्ते केले आहेत. 'धुक्याची साखळी', 'रडणारा उंबरठा', 'मिठाचा आरसा' असे मंत्र निघाले की मोठी माणसंही खुर्चीच्या कडेवर येऊन बसतात. 'ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स' ही डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या 1981 च्या जुन्या, 64 पानी बेसिक पुस्तकाच्या परंपरेतली, अतिशय नीट मांडलेली सिस्टम आहे. दिरांना ती नक्की आवडेल, पण तिच्यातल्या तक्त्यांची सवय व्हायला वेळ लागतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्याच कुळातल्या, नियमांनी भरलेल्या 'पाथफाइंडर'कडे मात्र सध्या बघूच नका. ती उत्तम आहे, पण तुमच्या अडचणीवरचं औषध नाही.

आता भाषा. हे मला फार जिव्हाळ्याचं आहे. डाव मराठीतच चालवा. पुस्तक इंग्रजी असलं की आपण नकळत इंग्रजीत सूत्रधारी करायला लागतो, आणि मग जाऊबाई गप्प होतात, मूल शब्द शोधत बसतं. केर्नचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. मूळ लेखकाचं नाव देऊन आणि तोच परवाना ठेवून तुम्ही तो मराठीत आणू शकता, छापू शकता, वाटूही शकता. सगळा करायची गरज नाही, दोन पानं पुरतात: गुण, बचाव, सामानाची घरं, वार, मंत्र. 'सेव्ह', म्हणजे संकटातून वाचण्यासाठी टाकायचा फासा, या शब्दानं मला बरंच छळलं. 'बचाव' हा शब्द हिट प्रोटेक्शनकडे गेला, म्हणून आमच्याकडे सेव्हला 'निभाव' म्हणतात. "ताकदीचा निभाव टाक" असं म्हटलं की कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि राक्षस बाहेरून कशाला आणायचे? पिंपळावरचा मुंजा, उलट्या पावलांची हडळ, पाण्यातल्या आसरा, डोहात ओढणारा गिऱ्हा, अमावास्येला मशाली घेऊन निघणारी वेताळाची पालखी. यांची वर्णनं घरातल्या मोठ्या माणसांनाच विचारा. 'मुंजा' म्हटल्यावर दिवाणखान्यात जी शांतता पसरते ती 'गॉब्लिन' म्हटल्यावर पसरत नाही. फक्त ज्यांची घरात पूजा होते त्या देवतांना मी शत्रू करत नाही, आणि मूल भिडू असेल तर पहिल्याच दिवशी विचारून घेते की कशाची खरोखर भीती वाटते. जे सांगतील ते डावातून बाहेर.

जागा तर पुण्यात पावलोपावली आहेत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालून दगडी नळानं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं होतं. नळ काही ठिकाणी माणूस उभा राहील एवढा उंच, आणि वाटेत हवा खेळण्यासाठी उच्छ्वास बांधलेले. यापेक्षा चांगला डन्जन, म्हणजे धाडसाचं भुयार, कोणी लिहून देणार नाही. एक सावधगिरी घ्या: नावं बदला. इतिहासातलं खरं पुणं आणि खरी माणसं डावात आणली की कोणीतरी सनावळीवरून वाद काढतो आणि मशाल तशीच जळून जाते. गावाचं नाव दुसरं ठेवा, हौद आणि नळ तेच राहू द्या.

म्हणून येत्या शनिवारसाठी असं करा. आठवड्यात केर्नची पुस्तिका एकदा वाचा, तासाभराचं काम आहे. सात फाशांचे दोन संच ऑनलाइन मागवा, पाच माणसांना तेवढे पुरतात. अप्पा बळवंत चौकातून जाड कार्डांचा एक गठ्ठा आणा, एकेका कार्डावर एकेक वस्तू लिहा आणि प्रत्येकापुढे दहा घरं आखलेला कागद ठेवा. कार्डं हलवत खेळलं की नियम सांगावाच लागत नाही. बचावाचा आकडा सारखा बदलतो, त्यासाठी प्रत्येकाला एक पाटी आणि पेन्सिल द्या. खोडरबरानं कागद फाटत नाहीत आणि मुलांना पाटी आवडते.

डाव छोटा ठेवा. गावच्या हौदाचं पाणी तीन दिवस खारट येतंय. पाटलीणबाई शंभर मोहरा द्यायला तयार आहेत. हौदाच्या तळाशी एक लोखंडी झडप आहे, खाली नळ. आत पाच जागा, जास्त नको: उच्छ्वासाखालची उजेडाची जागा, जिथे वरून कोणीतरी दोर सोडून ठेवला आहे. कोसळलेला भाग, जिथे रांगावं लागतं आणि अवजड सामान अडकतं. पाण्याखाली गेलेली पायरी. मिठाच्या पोत्यांनी भरलेली कोठी, म्हणजे खारटपणाचं कारण आणि चोरांचा सुगावा. आणि शेवटी एक आसरा, जिला मीठ सोसत नाही आणि जी चोरांवर तुमच्याइतकीच चिडलेली आहे. तिच्याशी लढता येईल, बोलताही येईल. काय करायचं ते भिडूंवर सोडा आणि आपणहून काही सुचवू नका.

साडेनऊला बसलात तर दहाला पाच मिनिटं कमी असताना ती झडप उघडलेली असेल. पहिला प्रश्न पुतण्याला विचारा: "झडप उघडली. खालून थंड वारा येतोय आणि पाण्याचा आवाज. मशाल तुझ्या हातात आहे. काय करतोस?" मग थांबा. त्याला वेळ लागेल, दीर काहीतरी सुचवायला पुढे होतील, त्यांना हातानंच थांबवा. जे उत्तर येईल त्यावरून पुढचं सांगायला सुरुवात करा.